बटणचा ताबा

कोर्टाचा बेलिफ दारात उभा राहिला की माणसाचा चेहरा कसा बदलतो, हे जप्तीकाकांनी नोकरीभर पाहिलं होतं. आधी ओळखीचं हसू यायचं, मग हातातला कागद दिसला की ते मावळायचं आणि आतल्या खोलीत कुजबुज सुरू व्हायची. कोणी मागच्या दाराने टीव्ही शेजाऱ्याकडे पोचवायचा, कोणी आजारी सासूला नेमकं कपाटाला टेकवून बसवायचा. काका सगळं पाहून न पाहिल्यासारखं करत आणि आपलं काम उरकत. त्यांना खरं नाव होतं, पण गल्लीतली पोरं त्यांना जप्तीकाका म्हणत आणि पोरांचं ऐकून मोठी माणसंही तेच म्हणायला लागली. काका चिडले असते तर ते नाव कदाचित सुटलंही असतं. ते चिडले नाहीत.

दोन गोष्टींत मात्र ते कोणाचं ऐकत नसत. पहिली म्हणजे खळ. जप्त केलेल्या वस्तूवर कोर्टाची चिठ्ठी लावायची असते, आणि ती चिकटवायला ऑफिसातून गोंदाची बाटली मिळते. काकांना ती बाटली म्हणजे पांचट पाणी वाटे. ते घरी स्वतःच्या हाताने मैद्याची खळ शिजवत. मंद आच, सतत ढवळणं, गुठळी एक होऊ द्यायची नाही. काकांनी लावलेली चिठ्ठी वस्तू सुटली तरी निघत नसे. लोक गरम पाणी लावत, सुरीने खरवडत, शेवटी नाद सोडून देत. काकू म्हणायच्या, एवढ्या मनाने कधी घरातलं एखादं पातेलं ढवळलं असतंत तर मी धन्य झाले असते.

दुसरी गोष्ट, ते कोणाच्याही घरात बसत नसत. नोकरीला लागले तेव्हा एका म्हाताऱ्याने त्यांना मोठ्या अगत्याने खुर्चीत बसवलं, चहा दिला, मुलांची चौकशी केली. पुढच्या महिन्यात तीच खुर्ची काकांना उचलून आणावी लागली. म्हाताऱ्याने उलट दार उघडून धरलं. तेव्हापासून ज्या खुर्चीला आपण टेकलो नाही तीच उचलता येते, असं काकांनी ठरवून टाकलं. पुढे ही सवय इतकी अंगात मुरली की मेहुण्याकडे गेले तरी चौकटीला टेकून उभे राहत. आता बसलेल्यांच्या घोळक्यात एकच माणूस उभा असला की बसलेल्यांना अवघडल्यासारखं होतं, आणि त्यात तो बेलिफ असला की विचारूच नका. हळूहळू बोलावणी कमी झाली. ज्यांच्याकडे आपण जात नाही ते आपल्याकडे तरी कशाला येतील? काका-काकूंच्या घरात दोनच खुर्च्या होत्या आणि त्या पुरत होत्या.

अशा घरात बटण आला.

बटण हा दोन शिंप्यांचा कुत्रा. हे दोघं भाऊ नव्हेत, पण धाकटा थोरल्याला दादा म्हणायचा आणि बाकी सगळे त्याला मास्तर म्हणायचे. मास्तर कापायचे, धाकटा शिवायचा. दुकान एक, पाटी एक, गल्ला एक. पिल्लू असताना बटण कोणा गिऱ्हाइकाच्या पायात पायात करत दुकानात शिरला आणि मशीनखाली कात्रणांच्या टोपलीत जाऊन जो झोपला तो तिथलाच झाला. अंग तपकिरी आणि एका डोळ्याभोवती काळा गोल, म्हणून बटण.

मग एका नवरदेवाच्या कोटाची एक बाही आखूड झाली. मास्तर म्हणाले, मी पुरेपूर कापली होती. धाकटा म्हणाला, जेवढी हातात आली तेवढी शिवली. नवरदेव लग्न लागेपर्यंत तो हात खिशात घालून उभा राहिला आणि इकडे दुकानाचे दोन तुकडे झाले. बाही कोणामुळे आखूड झाली हे अजूनही ठरलेलं नाही, आणि हे लिहिणाऱ्याला विचाराल तर ते ठरूही नये.

प्रकरण कोर्टात गेलं तेव्हा दुकानातल्या एकूण एक वस्तूवर चिठ्ठी लावायला काकाच गेले होते. मशीन, आरसा, इस्त्री, गिऱ्हाइकांना बसायचं लाकडी बाक, काही सोडलं नाही. वाटणी झाली. जुनं दुकान आणि बाक मास्तरांकडे राहिलं, धाकट्याने समोरच्या बाजूला गाळा घेतला. आता मास्तर स्वतः शिवायला लागले आणि धाकटा स्वतः कापायला लागला. त्या काळात त्या रस्त्यावरून फिरणाऱ्या माणसाची पँट पोत्यासारखी असली तर ती मास्तरांकडची, आणि शर्टाची कॉलर कानाला लागत असली तर तो धाकट्याकडचा, हे कोणीही सांगितलं असतं.

सगळं वाटून झालं आणि बटण उरला. मास्तरांच्या वकिलांनी सांगितलं की कुत्र्याचा परवाना ज्या दुकानाच्या नावे आहे ते दुकान आज मास्तरांकडे आहे. धाकट्याच्या वकिलांनी सांगितलं की सगळ्या लसी धाकट्याने सायकलच्या पुढच्या टोपलीत बसवून नेऊन टोचून आणल्या. न्यायाधीशबाई तरुण होत्या आणि शांतपणे ऐकून घेणाऱ्या होत्या. त्यांनी समजावलं की तुम्हाला कितीही जीव लावणारा असला तरी कायद्याच्या लेखी कुत्रा ही जंगम मालमत्ता आहे, शिलाई मशीनसारखी. भागीदारीची वस्तू वाटता येत नसेल तर ती विकून रक्कम निम्मी निम्मी करता येते.

"विकायचा नाही," दोघे एकदमच म्हणाले. त्या कोर्टात त्यांचं एकमत झालं ते एवढ्या एकाच गोष्टीवर.

तोवर बटण एकदा इकडून तिकडे आणि एकदा तिकडून इकडे पळवून झाला होता. तेव्हा निकाल लागेपर्यंत त्याला तिसऱ्याच्या ताब्यात ठेवायचं ठरलं. मास्तरांनी सुचवलेला माणूस धाकट्याला चालेना, धाकट्याने सुचवलेला मास्तरांना चालेना. ऑफिसच्या कोठीत मोडकी टेबलं आणि सायकली होत्या, तिथे जिवंत प्राणी कसा ठेवणार? बाईंची नजर फिरत फिरत दाराशी उभ्या असलेल्या काकांवर थांबली. काका नेहमीप्रमाणे उभेच होते. दोन्ही वकिलांनी त्यांच्याकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं, आणि ह्या माणसाचं कोणाशीच काही जमत नाही तेव्हा हा कोणाची बाजू घेणार नाही, हे त्यांना पटलं. आदेश झाला. दोन्ही पक्षांनी आठवड्यातून एकेकदा काकांच्या घरी येऊन कुत्र्याला भेटावं, पण एकत्र येऊ नये. आणि ताब्यात घेतेवेळी कुत्रा ज्या स्थितीत असेल त्याच स्थितीत सांभाळावा.

काका चिठ्ठी आणि खळीचा डबा घेऊन बटणला न्यायला गेले. कुत्र्यावर चिठ्ठी कुठे चिकटवायची हा प्रश्न त्यांना रस्ताभर पडला होता. शेवटी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर चिकटवून तो पट्ट्याला बांधू, असं त्यांनी ठरवलं. बांधायला खाली वाकले तर बटणने आधी त्यांची बोटं चाटली, मग पुठ्ठा चाटला आणि मग कोर्टाचा शिक्का असलेली चिठ्ठी खाऊन टाकली. आजवर जी चिठ्ठी कोणाला निघाली नव्हती ती अशी निघाली. पुढे सगळ्या रस्त्याने तो दोरी न ओढता काकांच्या बोटांना नाक लावून चालत आला. मास्तर दुकानाच्या दारातून बघत राहिले. समोर धाकटाही बघत होता. दोघांनाही ते लागलं.

काकू दारात कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"जन्मभर लोकांच्या घरातून वस्तू उचलल्यात," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदाच काहीतरी आपल्या घरी आणलंत."

बटण पोटभर जेवला, दोन्ही खोल्यांत हुंगून आला, पण डोळा म्हणून मिटेना. दुपार गेली, संध्याकाळ झाली, तो आपला खोलीच्या मधोमध बसलेला. दुसऱ्या दिवशीही तेच. डोळे लाल झाले, मान खाली आली. काका धास्तावले. आदेशात स्थिती कायम राखावी असं होतं आणि स्थिती तर डोळ्यांदेखत बिघडत चालली होती. ते तडक मास्तरांकडे गेले आणि दारातूनच विचारलं, हा झोपतो कसा? मास्तर म्हणाले, मशीन चालू असली की झोपतो, थांबली की जेवणाची वेळ झाली असं समजून उठतो.

काकूंची लग्नात आणलेली पायमशीन गाद्यांच्या ढिगाखाली गाडलेली होती. ती दोघांनी ओढून काढली. काका स्टुलावर बसले आणि दोरा नसलेल्या मशीनवर पाय मारू लागले. खडखड सुरू झाली तसे बटणचे कान हलले. त्याने स्वतःभोवती तीन गिरक्या घेतल्या, पायट्याजवळ अंगाचं मुटकुळं केलं आणि घोरायला लागला. काका पाय थांबवायला भिऊ लागले. बऱ्याच वेळाने काकूंनी विचारलं की हे असं कुठवर चालायचं, तर म्हणाले, स्थिती कायम राखायची आहे. काकूंनी कपाळाला हात लावला, मग उठून दोरा ओवला. नुसते पाय झाडण्यापेक्षा उशांच्या खोळी तरी होऊ देत, असं त्यांचं म्हणणं.

मग त्या घराला पाय फुटले म्हणा किंवा लोकांचे पाय त्या घराला लागले म्हणा. आठवड्यातून एकदा मास्तर यायचे, एकदा धाकटा यायचा. येणारा माणूस तासभर राहणार म्हणजे चहा आला, गप्पा आल्या. मास्तरांनी मशीनला तेल घातलं. धाकट्याने तिचा ढिला पडलेला पट्टा बदलून दिला. पोरं कुत्रा बघायला यायची, पोरांना शोधत त्यांच्या आया यायच्या, आणि मशीन चालू दिसली की एखादी उसवलेला झगा घेऊन यायची. काकूंना बोलायला माणसं मिळाली आणि त्यांनी इतक्या वर्षांचं सगळं बोलून घेतलं. खुर्च्या दोनच असल्यामुळे बाकीचे कॉटवर, उंबऱ्यावर, उलट्या बादलीवर बसत. काका मात्र स्वतःच्याच घरात चौकटीला टेकून उभे. एकदा काकूंनी सगळ्यांदेखत विचारलं, इथलं काय जप्त करायचं आहे? सगळे हसले आणि सगळ्यांच्या मागून काकाही हसले.

कोर्टात तारखा पडत होत्या. ऑफिसातला कारकून म्हणाला, असल्या प्रकरणांना अंत नसतो, कुत्रा म्हातारा होऊन तुमच्याच दारी जाईल बघा. तो काकांना चिडवत होता. काकांना मात्र इतका आनंद झाला की ते येताना बिस्किटांचे दोन पुडे घेऊन आले, आणि आपल्याला आनंद का झाला हे काकूंना सांगायचं त्यांनी टाळलं.

काकांचा कामावर घालायचा कोट कोपरांवर विरला होता. काकूंनी नव्या कोटाचं कापड कधीचं आणून ठेवलं होतं. मास्तर एकदा आले तर बटण गाढ झोपलेला. आता तासभर करायचं काय, म्हणून त्यांनी ते कापड मागितलं, काकांकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं, टेप सुद्धा काढली नाही आणि कॉटवर कापड पसरून कापायला लागले. पाठ कापली, पुढचे भाग कापले, कॉलर कापली. बाह्यांचं कापड तसंच घडी करून ठेवून दिलं.

पुढे धाकट्याचा दिवस आला. कॉटवर ठेवलेले तुकडे त्याने पाहिले आणि खडूच्या रेषेवरून बोट फिरवलं.

"डावा खांदा उतरता घेतलाय," तो म्हणाला. "तुमची पिशवी त्या खांद्यावर असते ना काका? हे दादालाच दिसतं."

तो मशीनवर बसला. त्या दिवशी मशीनचा आवाजच निराळा होता, एकसारखा, कुठेही न अडखळणारा. बटण झोपेतच शेपटी हलवत होता.

मास्तर पुन्हा आले तेव्हा कोट खिळ्याला टांगलेला होता. त्यांनी शिवण उलटीकडून पाहिली, सुलटीकडून पाहिली, मग चष्मा काढून बराच वेळ पुसला. काकूंनी बाह्यांचं विचारलं. मास्तर म्हणाले, बाही मी एकटा कापणार नाही, शिवणारा समोर हवा. मग काकांकडे वळून जरा चाचरतच त्यांनी विचारलं, की आम्ही दोघं एकाच दिवशी आलो तर?

"आदेशात नाही," काका म्हणाले.

खरंच नव्हतं. काकांनी काही खोटं सांगितलं नव्हतं. धाकट्यानेही आपल्या दिवशी हेच विचारलं आणि त्यालाही तेच उत्तर मिळालं. दोघेही मान खाली घालून गेले, कारण कोर्टाच्या माणसापुढे बोलणार काय? काकांना आधी सुटल्यासारखं वाटलं. हे दोघे एकत्र आले की भांडण मिटणार, भांडण मिटलं की बटण जाणार, बटण गेला की मशीन पुन्हा गाद्यांखाली आणि घरात पुन्हा दोन खुर्च्या. हे सगळं न व्हावं म्हणून त्यांना काहीच करायचं नव्हतं. नुसता आदेश पाळायचा होता, आणि आदेश पाळण्यात त्यांची हयात गेली होती.

बिनबाह्यांचा कोट तेवढा काकूंनी खिळ्यावरून काढला नाही. काका कामावरून आले की समोर तो कोट. आणि त्याच्या खाली बटण. धाकटा गेला की बटण त्याच्यामागे उंबऱ्यापर्यंत जायचा आणि रस्त्याकडे बघत बसायचा. मास्तर गेले की तसाच. गेलेल्या माणसाकडे तो बघतोय असं काकांना वाटायचं. पण एकदा नीट लक्ष दिलं तर माणूस ज्या दिशेला गेला त्याच्या उलट दिशेला त्याची मान होती. एक आत्ताच येऊन गेला, मग दुसरा कुठे राहिला, असं शोधत होता तो.

काका त्याच्या शेजारी उंबऱ्यावर टेकले. ताब्यात घेतला त्या दिवशी ह्या कुत्र्याकडे दोघे होते, रस्त्याच्या अल्याड एक आणि पल्याड एक, मान वळवली की दिसणारे. खाणं सांभाळलं, झोप सांभाळली, हे काही सांभाळता आलं नाही. काकांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांना फार वाईट वाटलं, आणि काय करायचं ते कळलं म्हणून आणखीच वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते न्यायाधीशबाईंच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभे राहिले. बोलावलं तेव्हा आत गेले आणि म्हणाले की दोन्ही पक्षांना एकत्र भेटू द्यावं, तेवढा आदेश बदलता आला तर बघावं.

"कुत्र्याचा त्रास होतोय का तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"नाही मॅडम. त्रास होत नाही, म्हणूनच विचारायला आलोय. अजून थोडे दिवस गेले तर मी विचारणार नाही."

बाईंनी पेन खाली ठेवून त्यांच्याकडे पाहिलं. मग घंटी वाजवून दोन्ही वकिलांना बोलावून घेतलं.

मास्तर आणि धाकटा एकाच वेळी आले त्या दिवशी काकूंनी शेजारून खुर्च्या मागून आणल्या होत्या. दोघे अवघडून आत शिरले. बटण आधी मास्तरांच्या अंगावर गेला, मग धाकट्याच्या, मग पुन्हा मास्तरांच्या, आणि शेवटी दोघांच्या मधून घिरट्या घालता घालता त्याने काकूंची कपबशी पाडली. कोणी तिकडे पाहिलंही नाही. मास्तरांनी काकांना खोलीच्या मध्ये उभं केलं, एक हात लांब करायला सांगितला आणि खडू काढला.

"इथवर," मास्तर म्हणाले.

"अर्धं बोट जास्त घे दादा," धाकटा म्हणाला. "माझं शिवणीत जातं तेवढं."

"मग हे तेव्हाच सांगायचं होतंस."

"तू तेव्हा विचारलंस कुठे?"

काका हात लांब करून उभे. हात भरून आला तरी त्यांनी खाली घेतला नाही. दोघे शिंपी एकमेकांकडे बघत होते आणि आता पुन्हा पेटतं की काय अशी सगळ्यांना धास्ती पडली. मग मास्तरांना त्या नवरदेवाचा खिशात घातलेला हात आठवला असावा, कारण त्यांचे खांदे हलायला लागले. धाकट्याने तोंडावर हात धरला. हसता हसता दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायला त्यांनी काकांच्या बाहीचंच कापड वापरलं. कोट त्याच दिवशी पुरा झाला.

पुढच्या तारखेला तडजोड दाखल झाली. दुकान पुन्हा एक, पाटी एक, आणि कुत्रा दुकानाचा. बाईंनी सही केली आणि ताबा परत देण्याचं काम रीतसर बेलिफाकडे आलं.

काकूंनी बटणला आंघोळ घातली, त्याच्यासाठी शिवलेली एक खोळ बरोबर दिली आणि मग काहीतरी राहिल्यासारखं करून आत निघून गेल्या. काका नवा कोट घालून निघाले. बटण त्यांच्या बोटांना नाक लावून चालत होता. रस्ता रोजचाच होता, पण त्या दिवशी काकांनी तो जेवढा हळू चालता येईल तेवढा हळू चालला.

दुकानात धाकट्याची मशीन जुन्या जागी आली होती. काका दारात उभे राहिले, कागद वाचून दाखवला, दोघांच्या सह्या घेतल्या आणि दोरी मास्तरांच्या हातात दिली. काम संपलं. बटण मशीनखाली टोपलीत जाऊन बसला आणि तिथून काकांकडे बघत राहिला.

"बसा," मास्तर म्हणाले.

काकांनी नेहमीप्रमाणे मान हलवली. आपण बसत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे, असं काहीसं पुटपुटले.

"ठाऊक आहे," मास्तर म्हणाले. "पण ते बाक बघा जरा. तुमची चिठ्ठी अजून आहे त्याच्यावर. आम्ही दोघांनी मिळून खरवडली, निघत नाही. गिऱ्हाइकं विचारतात हे बाक कोणाचं. आता ते तुमचंच आहे, त्याला आम्ही काय करणार?"

काकांनी पाहिलं. बाकाच्या मधोमध त्यांची चिठ्ठी होती, चारही कोपरे घट्ट. कामाची जात मोठी चांगली होती, हे त्यांना मनातल्या मनात कबूल करावं लागलं. त्यांनी कोटाची मागची बाजू सारखी केली आणि नेमके त्या चिठ्ठीवर बसले.

धाकट्याने मशीन सुरू केली. बटण टोपलीतून उठला, येऊन काकांच्या बुटावर हनुवटी ठेवली, एक सुस्कारा सोडला आणि झोपला. आता पाय हलवणं शक्यच नव्हतं. चहा आला. काकांनी घेतला. गिऱ्हाइकं आली, काकांना बघून आधी दचकली, मग सरकून शेजारी बसली. कोणी विचारलं कोट कुठे शिवलात, तर काकांनी दोन्ही हात पुढे करून बाह्या दाखवल्या.

घरी पोचले तेव्हा ताटं वाढून निवली होती. काकू दारातच होत्या. कुठे होतात एवढा वेळ, असं त्यांनी विचारलं.

"बसलो होतो," काका म्हणाले.

काकूंना वाटलं आपल्या ऐकण्यात काही चूक झाली. त्यांनी पुन्हा विचारलं. काकांनी पुन्हा तेच सांगितलं आणि चौकटीला न टेकता सरळ आत येऊन खुर्चीत बसले. म्हणाले, उद्या तुम्हीही चला, बाक मोठं आहे.